इंग्रजी भाषेतील कालवाचक शब्दप्रयोग आणि इतिहासाचे कालविभाजन : एक चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

इतिहास हा काळाचा अभ्यास आहे असे आपण विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगतो. मात्र ज्या शब्दांनी आपण काळाचे तुकडे पाडतो, त्या शब्दांचाही स्वतंत्र इतिहास आहे, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. 'मध्ययुग', 'अंधारयुग', 'प्रबोधनकाल', 'औद्योगिक क्रांती', 'व्हिक्टोरियन काळ' या संज्ञा आपण वर्गात इतक्या सहजतेने वापरतो की त्या निसर्गानेच ठरवून दिल्या असाव्यात, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. वस्तुतः या सर्व संज्ञा इंग्रजीतून, किंवा इंग्रजीच्या मार्गे अन्य युरोपीय भाषांतून, आपल्याकडे आलेल्या आहेत. त्या कोणीतरी, कोणत्या तरी वेळी, काही एक हेतू मनात ठेवून घडविल्या आहेत.

प्रस्तुत लेखकास या विषयाची जाणीव एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे झाली. युरोपचा इतिहास शिकविताना सतराव्या शतकाचा उल्लेख 'आधुनिक युरोप' असा झाला. पुढच्याच तासाला मराठ्यांचा इतिहास 'मध्ययुगीन भारत' या शीर्षकाखाली सुरू झाला. तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शिवाजी महाराज मध्ययुगातले आणि न्यूटन आधुनिक काळातला, असे कसे? दोघे एकाच वेळी हयात होते ना?" प्रश्न साधा होता, परंतु 'अभ्यासक्रमात तसे आहे' याखेरीज त्या वेळी उत्तर देता आले नाही. त्या उत्तराने विद्यार्थ्याचे समाधान झाले नाही आणि शिक्षकाचेही झाले नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा अल्पसा प्रयत्न आहे.

लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) काळ व परिवर्तन दर्शविणाऱ्या काही प्रचलित इंग्रजी शब्दप्रयोगांचा उगम तपासणे. २) त्या शब्दप्रयोगांत दडलेला मूल्यनिर्णय स्पष्ट करणे. ३) हे शब्द मराठी इतिहासलेखनात व अध्यापनात आल्यावर काय घडले, याचा विचार करणे. इंग्रजीत असे शब्दप्रयोग असंख्य आहेत. त्यांचा कोश तयार करणे हा येथे हेतू नाही. इतिहासाच्या प्राध्यापकास रोज हाताळावे लागणारे निवडक शब्दच विचारात घेतले आहेत.

१. मोजमापाचे शब्द

प्रथम जे शब्द केवळ मोजमापाचे वाटतात, त्यांचा विचार करू. इंग्रजीत पंधरवड्याला 'फोर्टनाइट' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ 'चौदा रात्री' असा आहे. जर्मन टोळ्या दिवसांऐवजी रात्री मोजतात, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस केली होती. ती टोळ्यांची गणना इंग्रजी भाषेत आजही जिवंत आहे. म्हणजे कालमापनाचा अगदी साधा शब्दही कोणत्या तरी समाजाच्या जीवनपद्धतीचा अवशेष असतो.

'सेंच्युरी' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. लॅटिन मुळाचा हा शब्द शंभरांच्या समूहासाठी होता. रोमन सैन्यातील एका तुकडीलाही हेच नाव होते. 'शंभर वर्षांचा काळ' हा अर्थ इंग्रजीत सतराव्या शतकात रुळला. तत्पूर्वी १५५९ ते १५७४ या काळात लूथरपंथी विद्वानांनी ख्रिस्ती धर्मसंस्थेचा इतिहास शतकवार खंडांत प्रसिद्ध केला होता. 'मॅग्डेबर्ग सेंच्युरीज' या नावाने तो ओळखला जातो. प्रत्येक शतकागणिक रोमची धर्मसत्ता मूळ धर्मापासून कशी ढळत गेली, हे दाखविणे हा त्यामागील हेतू होता. शतक हे आज आपल्याला सर्वांत तटस्थ माप वाटते. परंतु इतिहासलेखनातील त्याचा एक आरंभीचा मोठा वापर धर्मयुद्धाच्या वातावरणात झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

'डिकेड' हा शब्दही मुळात वर्षांचा नव्हता. रोमन इतिहासकार लिव्ही याच्या ग्रंथातील दहा-दहा पुस्तकांच्या गटांना 'डिकेड' म्हटले जाई. मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. समर्थ रामदासांच्या दासबोधात वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकात दहा समास. 'दशक' हा शब्द आपल्याकडेही ग्रंथरचनेत होता आणि पुढे दहा वर्षांच्या अर्थाने रूढ झाला.

कायद्याच्या भाषेतील एक शब्दप्रयोग येथे विशेष उल्लेखनीय आहे. 'टाइम इमेमोरियल' म्हणजे स्मरणातीत काळ. बोलीभाषेत त्याचा अर्थ 'फार फार पूर्वीपासून' एवढाच आहे. इंग्लंडच्या कायद्यात मात्र या स्मरणातीत काळालाही एक तारीख आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्याने जमिनीवरील विशिष्ट दाव्यांसाठी पहिल्या रिचर्डच्या राज्यारंभापर्यंत, म्हणजे ११८९ पर्यंतच मागे जाण्याची मर्यादा घातली. तीच पुढे 'कायदेशीर स्मरणाची' सीमा मानली गेली. कायदा झाला तेव्हा हे अंतर केवळ ८६ वर्षांचे होते. आजोबांनी नातवाला सांगावी एवढ्या अंतरावरची ती गोष्ट होती. पुढे शतके लोटली, तरी ११८९ हे वर्ष जागचे हलले नाही.

आपल्याकडील वतनपत्रांतील 'पूर्वापार' आणि 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने' हे शब्दप्रयोग याच जातीचे आहेत. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्यान्वये इनाम कमिशनने जेव्हा इनामांची चौकशी केली, तेव्हा 'पूर्वापार चालत आले आहे' हे सांगणे अनेकांना पुरेसे ठरले नाही. सनद व कागद दाखवावे लागले. ज्यांना ते दाखविता आले नाहीत, त्यांच्यापैकी अनेकांची इनामे गेली. 'पूर्वापार' म्हणजे नेमके केव्हापासून, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्याच हाती जमीनही जाते, हे या उदाहरणावरून दिसते. कालवाचक शब्दांचा प्रश्न केवळ शब्दकोशाचा नाही तो यामुळेच.

२. 'मिडल एजेस' आणि 'डार्क एजेस'

आता कालखंडांच्या नावांकडे वळू. 'मधला काळ' ही कल्पना त्या काळात जगलेल्या कोणाचीही नव्हती. आपण 'मध्ये' आहोत असे कोणत्याही पिढीला वाटत नाही; प्रत्येक पिढी स्वतःला काळाच्या टोकाशीच उभी पाहते. चौदाव्या शतकात पेट्रार्क (१३०४–१३७४) या इटालियन कवीने प्राचीन रोमच्या वैभवाशी तुलना करून त्यानंतरच्या काळास अंधाराची उपमा दिली. त्याच्यानंतरच्या इटालियन मानवतावाद्यांनी प्राचीन, मधला व नवा अशी त्रिविध विभागणी पुढे आणली. ती सर्वत्र रूढ करण्याचे श्रेय मात्र बरेचसे ख्रिस्तोफ सेलारियस या जर्मन अध्यापकाकडे जाते. त्याने १६८८ मध्ये मध्ययुगाच्या इतिहासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. सम्राट कॉन्स्टंटाइनपासून १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापर्यंतचा काळ त्याने त्यात घेतला. म्हणजेच जी विभागणी आपण आज अटळ मानतो, ती एका शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी केलेली मांडणी होती. आपल्याच व्यवसायबंधूची ही करामत आहे, हे आपण विसरू नये.

इंग्रजीत १६०५ मध्ये विल्यम कॅम्डेन याच्या लेखनात 'मधला काळ' हा प्रयोग आढळतो. 'मिडीव्हल' हे विशेषण मात्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आले. फ्रेंच, जर्मन व इटालियन भाषांत या काळाचे नाव एकवचनी आहे. इंग्रजीत ते 'मिडल एजेस' असे अनेकवचनी रूढ झाले. मराठीत आपण 'मध्ययुग' असे एकवचन केले. त्यामुळे सुमारे हजार वर्षांचा विविधतापूर्ण काळ एकच अखंड वस्तू असल्याचा भास अधिकच गडद झाला.

'डार्क एजेस' या शब्दप्रयोगाची कथा आणखी उद्बोधक आहे. १६०२ मध्ये कॅथलिक इतिहासकार बॅरोनियस याने दहाव्या शतकाच्या आसपासच्या काळास 'अंधुक शतक' असे म्हटले. त्याचे प्रमुख कारण त्या काळात लेखकांची उणीव होती. हा अंधार साधनांचा होता. काळोख इतिहासकाराच्या डोळ्यांपुढे होता, त्या काळातील माणसांच्या डोक्यात नव्हता. पुढे प्रॉटेस्टंट लेखकांनी हाच शब्द रोमच्या धर्मसत्तेविरुद्ध वापरला आणि अठराव्या शतकातील विवेकवाद्यांनी तो अज्ञान व अंधश्रद्धेसाठी राबविला. 'आपल्याला माहीत नाही' याचे रूपांतर 'त्यांना काही कळत नव्हते' असे झाले.

वास्तव काय होते? इंग्लंडच्या ईशान्येकडील जॅरो येथील मठात राहणाऱ्या बीड या संन्याशाने ७३१ मध्ये इंग्लिश धर्मसंस्थेचा इतिहास पूर्ण केला. डायोनिसियस एक्झिग्युअस याने ५२५ मध्ये सुचविलेली ख्रिस्तजन्मापासूनची वर्षगणना बीडने आपल्या ग्रंथात पद्धतशीरपणे वापरली आणि ती युरोपभर पसरण्यास त्याच्या ग्रंथाचा मोठा हातभार लागला. ज्या सनाने आपण आज साऱ्या जगाचा इतिहास लिहितो, तो सन तथाकथित अंधारयुगातच घडला व रुजला. १९३९ मध्ये सफोक परगण्यातील सटन हू येथील उत्खननात सातव्या शतकातील जहाज-दफन व त्यातील सुवर्णकाम सापडले, तेव्हा या अंधारातील कारागिरीचा दर्जाही समोर आला. पीटर ब्राउन यांच्या १९७१ मधील ग्रंथानंतर 'उत्तर-प्राचीन काळ' ही संज्ञा रुळली आणि आज बहुतेक इतिहासकार 'डार्क एजेस' हा शब्द टाळतात. आपल्या प्रश्नपत्रिकांत मात्र 'मध्ययुगास अंधारयुग का म्हणतात?' हा प्रश्न वर्षानुवर्षे येत राहिला.

'रेनेसान्स' म्हणजे पुनर्जन्म. या शब्दाची स्थितीही निराळी नाही. व्हासारी याने १५५० मध्ये कलेच्या संदर्भात पुनर्जन्माची कल्पना मांडली. परंतु एका संपूर्ण कालखंडाचे नाव म्हणून तिला प्रतिष्ठा दिली ती १८५५ मध्ये फ्रेंच इतिहासकार मिशले व १८६० मध्ये स्विस इतिहासकार बुर्कहार्ट यांनी. त्यानंतर १९२७ मध्ये हॅस्किन्स यांनी बाराव्या शतकातच प्रबोधन झाल्याचे दाखवून मध्ययुगाची भिंत खिळखिळी केली. १९७७ मध्ये जोन केली या इतिहासकार विदुषीने 'स्त्रियांना प्रबोधनकाल लाभला होता काय?' असा प्रश्न उपस्थित केला. ज्या काळात पुरुषांची क्षितिजे विस्तारली, त्याच काळात इटलीतील उच्चवर्गीय स्त्रियांचे स्वातंत्र्य आकुंचित झाले, असे त्यांचे प्रतिपादन होते. कालखंडाचे नाव कोणाच्या अनुभवावरून ठेवले गेले, हा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

३. 'रेव्होल्यूशन' : परतीचा प्रवास की नवा आरंभ?

परिवर्तन दर्शविणाऱ्या शब्दांत 'रेव्होल्यूशन' हा सर्वांत प्रभावी होय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ फिरून पूर्वस्थानी येणे असा आहे. कोपर्निकसच्या १५४३ मधील खगोलशास्त्रीय ग्रंथाच्या शीर्षकात तो याच अर्थाने येतो. त्यामुळेच १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर परत आला, तेव्हा त्या घटनेसही समकालीन इंग्लिश लेखक 'रेव्होल्यूशन' म्हणू शकले. राजसत्तेचे चक्र फिरून जागेवर आले, असा त्याचा भाव होता. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मात्र 'पूर्वी कधीही नव्हते असे काही घडविणे' हा अर्थ पक्का झाला.

मराठीतील 'क्रांती' या शब्दाचा प्रवासही आश्चर्यकारकरीत्या समांतर आहे. तोही ज्योतिषशास्त्रातून आला आहे. सूर्याच्या भासमान मार्गास आपण 'क्रांतिवृत्त' म्हणतो आणि सूर्याच्या राश्यंतरास 'संक्रांत'. आकाशातील नियमित गतीचा शब्द दोन्ही भाषांत पृथ्वीवरील उलथापालथीसाठी वापरला गेला.

नाव कोण ठेवतो यावर घटनेचा अर्थ कसा ठरतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १६४० नंतरची इंग्लंडमधील दोन दशके. क्लॅरेंडनसारख्या राजनिष्ठाने त्यांना 'बंडाळी' म्हटले. एकोणिसाव्या शतकात गार्डिनर यांनी 'प्युरिटन क्रांती' हे नाव रूढ केले. १९४० मध्ये ख्रिस्तोफर हिल यांनी मार्क्सवादी दृष्टीने 'इंग्लिश क्रांती' असा शब्द वापरला आणि सामान्य वाचकासाठी ते 'यादवी युद्ध'च राहिले. आपल्याकडे १८५७ च्या संदर्भात 'बंड', 'उठाव' आणि सावरकरांच्या १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथानंतर 'स्वातंत्र्यसमर' ही नावे जशी एकमेकांशी झगडली, तसाच हा प्रकार आहे.

१६८८ च्या घटनेस 'ग्लोरियस रेव्होल्यूशन' म्हणतात. आपली पाठ्यपुस्तके तिला 'रक्तहीन राज्यक्रांती' असेही म्हणतात. इंग्लंडपुरते पाहिले तर रक्तपात अल्प झाला हे खरे. परंतु त्याच सत्तांतरातून आयर्लंडमध्ये युद्ध पेटले, १६९० मध्ये बॉइन नदीकाठी मोठी लढाई झाली आणि १६९२ मध्ये स्कॉटलंडमधील ग्लेन्को येथे हत्याकांड घडले. आयरिश कॅथलिकांना या क्रांतीत वैभव दिसणे शक्य नव्हते. हे विशेषण विजेत्या पक्षाचे आहे, आणि आपण ते भाषांतरित करताना विजेत्यांचा निवाडाही भाषांतरित केला.

'इंडस्ट्रियल रेव्होल्यूशन' या संज्ञेचा वापर एंगल्स याने १८४५ मध्ये केला होता; परंतु इंग्रजी इतिहासलेखनात ती स्थिर झाली ती अर्नोल्ड टॉयन्बी यांच्या ऑक्सफर्ड येथील १८८१–८२ च्या व्याख्यानांमुळे. ऐन तिशीत १८८३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कारखानदारीने ओढवलेल्या दारिद्र्याविषयी त्यांना तीव्र कळवळा होता. 'क्रांती' या शब्दात त्या आघाताची भावना आहे. १९४८ मध्ये ॲश्टन यांनी १७६०–१८३० या काळावरील पुस्तकात तेच नाव कायम ठेवले, परंतु या शब्दाने सूचित होणारा आकस्मिकपणा वस्तुस्थितीशी जुळत नाही, असेही बजावले. १९८० च्या दशकात क्राफ्ट्स यांच्यासारख्या आर्थिक इतिहासकारांनी त्या काळातील वाढीचा वेग पूर्वी समजला गेला त्याहून मंद असल्याचे दाखविले. १८५१ च्या जनगणनेतही शेती हाच ब्रिटनमधील सर्वांत मोठा व्यवसाय होता आणि त्याखालोखाल घरगुती नोकरी. मग 'क्रांती' हा शब्द चूक ठरतो काय? तसेही नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत बदल मंद असला, तरी यंत्रमागामुळे ज्याचा हातमाग बंद पडला त्या विणकराच्या घरात तो मंद नव्हता. मोजणाऱ्याचे परिमाण बदलले की शब्दाची योग्यायोग्यताही बदलते.

४. राणीचे नाव आणि दशकाचे नाव

इंग्रजीत राजांच्या नावाने काळ ओळखण्याची पद्धत जुनी आहे. 'एलिझाबेथन', 'जॉर्जियन', 'व्हिक्टोरियन', 'एडवर्डियन' ही विशेषणे प्रसिद्धच आहेत. व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ अशी ६३ वर्षे गादीवर होती. त्या काळात रेल्वे पसरल्या, मताधिकार विस्तारला, साम्राज्य वाढले. आरंभीचे इंग्लंड व अखेरचे इंग्लंड यांत साम्य फारच थोडे होते. तरीही एका व्यक्तीच्या आयुष्याने त्यांना एकत्र बांधले. १९१८ मध्ये लिटन स्ट्रेची यांच्या 'एमिनंट व्हिक्टोरियन्स' या पुस्तकानंतर हा शब्द उपहासाचाही झाला. 'व्हिक्टोरियन' म्हणजे दांभिक व सोवळा, असा अर्थ त्याला चिकटला. मुंबईतील इमारतींच्या शैलीलाही आपण 'व्हिक्टोरियन गॉथिक' म्हणतो आणि २०१८ मध्ये याच नावाने त्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. जी राणी भारतात कधी आलीच नाही, तिच्या नावाने आपल्या शहराचा एक काळ ओळखला जातो.

विसाव्या शतकात राजाची जागा दशकाने घेतली. 'सिक्स्टीज' म्हणजे साठीचे दशक, हा आता स्वतंत्र कालखंडच झाला आहे. आर्थर मार्विक यांनी १९९८ मधील ग्रंथात हे दशक सुमारे १९५८ ते १९७४ असे सोळा वर्षांचे मानले. एरिक हॉब्सबॉम यांनी तर १७८९ ते १९१४ असे 'दीर्घ एकोणिसावे शतक' आणि १९१४ ते १९९१ असे 'अल्प विसावे शतक' मांडले. दिनदर्शिकेचे आकडे कायम ठेवून त्यातील आशय ताणण्याचा अगर आखडण्याचा हा प्रकार आहे. महाराष्ट्राच्या संदर्भात विचार करता आपले एकोणिसावे शतक १८१८ मधील पेशवाईच्या अस्ताने सुरू होते व १९२० मध्ये लोकमान्य टिळकांच्या निधनाने संपते, असे म्हणता येईल. अर्थात ही मांडणीही निर्दोष नाही. तिच्या दोन्ही सीमा राजकीय आहेत आणि सत्यशोधक चळवळीच्या अंगाने पाहिल्यास १८७३ ही वेगळीच सीमारेषा समोर येते.

५. निसर्गातून घेतलेल्या प्रतिमा

परिवर्तनाविषयी बोलताना इंग्रजी भाषा वारंवार निसर्गाचा आधार घेते. 'वॉटरशेड' म्हणजे जलविभाजक. सह्याद्रीचा माथा हे आपल्या परिचयाचे उदाहरण. त्याच्या एका बाजूस पडलेले पाणी अरबी समुद्राला मिळते व दुसऱ्या बाजूचे कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एखादे वर्ष 'वॉटरशेड' होते असे म्हणताना इतिहासकार नकाशावरून पाहत असतो. प्रत्यक्ष माथा ओलांडणाऱ्यास धुक्यात ते कळतेच असे नाही.

३ फेब्रुवारी १९६० रोजी ब्रिटिश पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी केपटाउन येथील भाषणात आफ्रिकेतील 'परिवर्तनाच्या वाऱ्या'चा उल्लेख केला. हा 'विंड ऑफ चेंज' पुढे वसाहतींच्या अस्ताचे पर्यायी नाव बनला. त्या भाषणाने आफ्रिकी राष्ट्रभावनेची दखल घेतली, हे मान्य करावे लागेल. परंतु वारा आपोआप वाहतो. त्यासाठी कोणी तुरुंगात जात नाही, कोणी गोळ्या झेलत नाही. प्रतिमा लोकप्रिय झाली आणि तिच्यामागील लढणारी माणसे झाकोळली.

१९७८–७९ च्या हिवाळ्यातील ब्रिटनमधील संपांना 'असंतोषाचा हिवाळा' हे नाव शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड' या नाटकाच्या प्रारंभावरून पडले. मूळ नाटकात बोलणारा तो हिवाळा सरल्याचे सांगतो. वृत्तपत्रांनी मात्र तो ऐन भरात असल्याचे सांगण्यासाठी ते शब्द वापरले. मे १९७९ मध्ये मजूर पक्षाचा पराभव झाला आणि पुढे अनेक निवडणुकांत हे तीन शब्द त्या पक्षाविरुद्ध युक्तिवाद म्हणून वापरले गेले. कमी वेतनावरील सफाई कामगार व रुग्णालयीन कर्मचारी कोणत्या मागण्यांसाठी संपावर होते, हे त्या नावात कोठेच नाही.

६. हे शब्द मराठीत आल्यावर

भारताच्या इतिहासाची हिंदू, मुस्लिम व ब्रिटिश अशी विभागणी रूढ होण्यास जेम्स मिल यांचा १८१७ मधील ग्रंथ मुख्यतः कारणीभूत ठरला. मिल कधी भारतात आले नव्हते व त्यांना एकही भारतीय भाषा अवगत नव्हती. पुढे या तीन भागांस 'प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक' ही सेलारियसची वस्त्रे चढविली गेली. नावे निधर्मी झाली; सीमा बऱ्याच अंशी त्याच राहिल्या. त्यातही 'आधुनिक' हा भाग ब्रिटिश सत्तेबरोबर सुरू होत असल्याने आधुनिकता ही राज्यकर्त्यांची देणगी ठरली.

मराठीत स्वतःचे कालवाचक शब्द नव्हते असे नाही. 'पेशवाई', 'अव्वल इंग्रजी', 'अमदानी', 'कारकीर्द' हे शब्द आपल्या इतिहासलेखनात आहेतच. 'दुर्गादेवीचा दुष्काळ' किंवा 'बहात्तरचा दुष्काळ' असे म्हणून काळ सांगणारी पिढी आपण पाहिली आहे. तिच्या कालगणनेचा केंद्रबिंदू राजा नसून अन्न होते. मात्र आपले शब्दही निर्दोष नाहीत. 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' असे आपण अंदाधुंदीविषयी म्हणतो, तेव्हा 'डार्क एजेस' म्हणणाऱ्या इंग्रजाहून आपण फारसे वेगळे वागत नाही. म्हणून परके शब्द टाकावेत व देशी घ्यावेत एवढ्याने हा प्रश्न सुटत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला, असे आपण सांगतो. ही तारीख जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. पोर्तुगालने १५८२ मध्येच सुधारित ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले होते. इंग्लंडने ते १७५२ मध्ये, २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मानून स्वीकारले. त्यामुळे रायगडावर उपस्थित असलेल्या हेन्री ऑक्झेंडेन या इंग्रज वकिलाच्या दृष्टीने जो ६ जून होता, तोच गोव्यातील पोर्तुगीजांच्या लेखी १६ जून होता. गडावरील लोकांसाठी तो दिवस शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हा होता.

त्या एकाच दिवशी, आपल्या अभ्यासक्रमानुसार, ऑक्झेंडेन 'आधुनिक' काळातून आला होता आणि ज्यांच्यापुढे त्याने नजराणा ठेवला ते महाराज 'मध्ययुगात' होते. या विसंगतीचे कारण रायगडावर नाही. ते कालविभाजनाच्या उसन्या साच्यात आहे. आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच दिवसापासून महाराजांनी 'राज्याभिषेक शक' सुरू केला. आपला काळ कोठून मोजायचा, हे ठरविणे हा सार्वभौमत्वाचा भाग आहे, याची त्यांना स्पष्ट जाणीव होती. पुढील मराठी कागदपत्रांत हा शक शालिवाहन शक व सुहूर सन यांच्याबरोबर आढळतो. ज्या राजाने स्वतःच्या काळाला स्वतः नाव दिले, त्याला आपण दुसऱ्याने दिलेल्या नावाच्या खणात ठेवले आहे.

निष्कर्ष

१) कालवाचक शब्द हे काळाचे रिकामे डबे नसून त्यात मूल्यनिर्णय असतो. तो बहुधा नंतरच्या पिढीचा व बहुधा विजेत्यांचा असतो.
२) एकाच परिवर्तनास 'क्रांती', 'बंड' अगर 'संक्रमण' म्हणणे हे निरीक्षकाच्या स्थानावर व परिमाणावर अवलंबून असते.
३) इंग्रजीतील इतिहासकार आपल्याच संज्ञांशी सातत्याने वाद घालत आले आहेत. मराठीत संज्ञा आल्या, परंतु त्यांच्याभोवतीचा वाद पुरेसा आला नाही.
४) संज्ञा टाळणे अध्यापनात शक्य नाही; परंतु प्रत्येक संज्ञेसोबत ती कोणी, केव्हा व कशासाठी वापरली, हे दोन वाक्यांत सांगणे निश्चितच शक्य आहे.

समारोप

कालविभाजनाशिवाय इतिहास शिकविता येत नाही. हजार वर्षे एका तासात मावत नाहीत. सेलारियसची अडचण हीच होती आणि आपलीही तीच आहे. परंतु सोय म्हणून ओढलेली रेषा सत्य म्हणून विद्यार्थ्याच्या वहीत उतरू नये, ही दक्षता घेणे शिक्षकाच्या हाती आहे. ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला होता, त्याला प्रस्तुत लेखकाने पुढील वर्षी दिलेले उत्तर असे होते : महाराज व न्यूटन एकाच काळात होते, वेगवेगळ्या काळात आहेत त्या आपल्या दोन प्रश्नपत्रिका. त्यावर त्याने विचारले, "मग परीक्षेत काय लिहू?" हा प्रश्न मात्र केवळ एका शिक्षकाने सोडवावयाचा नाही. अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या आपल्यासारख्या सर्वांनी मिळून त्याचा विचार करावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.